पेटीसोबत आलेला हवालदार

सुखदेव सोमकुवरला हवालदाराची फीत मिळाली, तेव्हा त्याच्या बायकोनं, पुष्पानं, सौंसरला आपल्या गल्लीत पेढे वाटले. मोठ्या हौसेनं तिनं ते फोनवर सांगितलं. पलीकडून शाबासकी आली नाही, प्रश्न आला.

"कोणाकोणाले वाटले?"

"आता पेढे वाटाले बी तुमची परवानगी लागते काय?"

"तसं नाही. पण कोण काय बोललं, थे सांग."

माणूसच असा. दारावर थाप पडली की आधी खिडकीतून बघणार. हॉटेलात भिंतीला पाठ लावूनच बसणार. कोणी फार गोड बोललं, तर त्या दिवशी त्याला जेवण गोड लागायचं नाही. लोकांना वाटे, फौजेनं याला असा केला. पण हा गुण बापाकडून आलेला. बाप प्रभाकर तिगाव स्टेशनच्या हद्दीत गँगमन होता. रूळ डोळ्याला कितीही सरळ दिसो, हातोडी मारून आवाज ऐकल्याशिवाय प्रभाकर पुढं सरकायचा नाही. "जसं दिसते तसंच असतं, तं अपघात कायले झाले असते?" असं तो म्हणायचा. पोरानं ते वाक्य रुळावरून उचललं आणि माणसांना लावलं. पुढाऱ्यांना तर सर्वांत आधी.

त्यांच्या घरात पेपर मोठ्यानं वाचला जायचा आणि वाचता वाचता भांडणं व्हायची. सुखदेव भरती झाला तेव्हा एक सरकार होतं, पुढं दुसरं आलं. कोणाशीच त्याचं धड जमलं नाही. एकाचं हे पटायचं नाही, दुसऱ्याचं ते. सुट्टीवर आला की जयवंताच्या गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानात बसून तो पोटातलं सगळं ओकायचा. जयवंता शाळेपासूनचा दोस्त. तेवढ्या एका माणसाजवळ त्याला भिंतीला पाठ लावून बसावं लागत नव्हतं. सुट्टी संपली की तोंडाला कुलूप. पलटणीत वीस वर्षांत त्यानं कोणत्या पुढाऱ्याचं नाव घेतलेलं कोणी ऐकलं नाही.

एकदाच जीभ घसरली. अग्निवीरांची चार वर्षांची भरती सुरू झाली तेव्हा तो आपल्या सुभेदाराला म्हणाला, "साहेब, पोरगं कामाचं होईपर्यंत त्याची घरी जायची वेळ येणार. हे कोणी ठरवलं? जो कधी पोस्टवर उभा राहिला नाही त्यानं?"

सुभेदार म्हणाला, "सोमकुवर, मत तुझ्या ट्रंकेत ठेव आणि कुलूप लाव. पोरं उद्या येतायत."

पोरं आली. जे धोरण सुखदेवला पटलं नव्हतं, त्याच धोरणातून आलेल्या पोरांना त्यानं सर्वांत जास्त पिळलं. वेळ कमी आहे, तर शिकवणं जास्त पाहिजे, असा त्याचा साधा हिशेब. त्या पोरांत सागर खवसे नावाचा एक होता. तिगावच्या पुढच्या खेड्यातला, संत्र्याच्या बागाइतदाराचा मुलगा. डोंगरातल्या त्या परक्या मुलखात पहिल्याच दिवशी त्याचा आवाज कानावर आला, "काहून बे, माहा बूट कोणं नेला?" आणि सुखदेवला इतक्या दिवसांत पहिल्यांदा मनापासून हसू आलं.

पुढच्या पावसाळ्यात सागर गेला.

सुखदेव तेव्हा खालच्या तळावर होता. गाड्यांची रांग वर चालली होती. वायरलेसवर आधी खरखर आली, मग तुटक शब्द : रस्ता खचला, एक जवान दरीत. नाव यायला दुपार झाली. दरीतून काढायला आणखी वेळ लागला. डॉक्टरांनी पेटी बंद करून दिली आणि सांगितलं, ही घरी उघडू नका. कोणाला बघवणार नाही.

पेटीसोबत जायला सुखदेवला नेमलं. त्याच भागातला माणूस, भाषा येते, म्हणून. निघताना कंपनी कमांडरांनी हुकूम दिला : चौकशी बसली आहे. ती पुरी होईपर्यंत अपघात कसा झाला याबद्दल एक अक्षर बोलायचं नाही. घरच्यांशीसुद्धा नाही.

"बाप विचारेल, साहेब."

"विचारेल. ड्यूटीवर गेला, एवढंच सांग."

नागपूरला विमानातून पेटी उतरली आणि फौजेच्या गाडीतून पांढुर्ण्याकडे निघाली. सोबत चार जवान. पांढुर्ण्याच्या अलीकडेच मोटरसायकली आडव्या आल्या. झेंडे, घोषणा, फुलं. गाडीच्या पुढं एक उघडी जीप लागली. जीपमध्ये हात जोडून उभे होते वीरेंद्रभाऊ. वीरेंद्रभाऊ म्हणजे त्या भागातले नव्यानं वर येऊ पाहणारे पुढारी. पुढच्या निवडणुकीच्या तिकिटावर त्यांचा डोळा होता, हे शेंबड्या पोरालाही माहीत. त्याच आठवड्यात दुसऱ्याच सरहद्दीवर कुठंशी चकमक झाली होती आणि टीव्हीवर दिवसभर तेच चाललं होतं.

गावाच्या तोंडाशी भलंमोठं बॅनर लागलेलं. सागरचा चेहरा होता, पण खालचं धड त्याचं नव्हतं. भलत्याच कोणाच्या छातीवर ते तोंड चिकटवलेलं. वर्दीवरचे ठिपके आपल्या फौजेचे नव्हते, हातातली बंदूक तर सुखदेवनं आयुष्यात हाताळली नव्हती. खाली लिहिलं होतं : चार शत्रूंना यमसदनी धाडणारा आपला वाघ.

सुखदेवनं ते वाक्य दोनदा वाचलं. चार कुठून आले? कोणी मोजले? युनिटमधून गावी जो फोन गेला, त्यात 'ड्यूटी पर' एवढेच शब्द होते. फोन घेतला होता सागरच्या मामानं, मुकुंदनं. मुकुंद भाऊंचा कार्यकर्ता. 'ड्यूटी पर' आणि बॅनर यांच्यामध्ये जी रिकामी जागा होती, तिच्यात कोणीतरी हे चार मुडदे आणून टाकले होते.

अंगणात पेटी ठेवली. सागरची आई सुशीला पेटीवर डोकं टेकून बसली, ती हललीच नाही. बाप रामाजी उभा होता. उंच, हडकुळा, डोळे कोरडे.

"उघडा," तो म्हणाला.

"काका, उघडता येत नाही."

"काहून?"

"आदेश आहे."

"कोणाचा?"

"वरचा."

"थो वरचा माह्या पोराचा कोण लागते?" रामाजीनं विचारलं. सुखदेवनं मान खाली घातली. रामाजी त्याच्याकडे बघत राहिला. त्या नजरेत दुःख होतंच, पण दुसरंही काहीतरी होतं, आणि सुखदेव ते लगेच ओळखून गेला. ती त्याची स्वतःचीच नजर होती. हा माणूस आपल्यापासून काहीतरी लपवतो आहे, हे बघणारी.

शाळेच्या पटांगणात अंत्यदर्शनासाठी मांडव होता. मांडव कसला, स्टेजच. भाऊ बोलायला उभे राहिले. सागर कसा एकटा लढला, गोळ्या लागल्यावरही कसा मागं हटला नाही, शेवटचा शब्द काय बोलला. शेवटचा शब्द! सुखदेवला वाटलं, कानात बोटं घालावीत. पण तो सावधानमध्ये उभा होता. भाऊंनी घोषणा दिली, लोकांनी उचलली, आणि मग भाऊ एकदम वळून म्हणाले, "आणि आता या रणसंग्रामाचे साक्षीदार, आपल्याच मातीतले हवालदार साहेब, आपल्याला दोन शब्द सांगतील."

माईक हातात आला. समोर हजार डोळे, आणि त्यांत किती मोबाइल वर धरलेले. गर्दीच्या कडेला जयवंताही दिसला, मोबाइल उंच धरून उभा. सुखदेवच्या मनात झरझर आलं : हो म्हटलं, तर खोटं. नाही म्हटलं, तर हुकूम मोडला. काही बोललोच नाही, तर बापाच्या तोंडावर थप्पड.

"अग्निवीर सागर खवसे," तो म्हणाला, "वडलांचं नाव रामाजी. माह्या हाताखाली शिकला. चांगला जवान होता. ड्यूटीवर गेला. मी तिथं हजर नव्हतो. जे मी पाह्यलं नाही, थे मी सांगणार नाही. जय हिंद."

टाळी वाजली नाही. कोणीतरी घोषणा द्यायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. भाऊंच्या चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी राहिलं, फक्त डोळे बदलले.

सलामी झाली, अग्नी दिला. परतताना मुकुंद सुखदेवच्या कानाशी आला. "हवालदार, दोन शब्द चांगले बोलले असते, तं तुमच्या बापाचं काय जात होतं?"

आणि मागून, कोण ते दिसलं नाही, पण ऐकू येईल अशा बेतानं : "या लोकायचं असंच राहते. आपल्या पोराचं नाव झालेलं पाह्यल्या जात नाही यायले."

'या लोकायचं' म्हणजे काय, ते सुखदेवला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. शाळेत असल्यापासून त्याला ते शब्द ओळखता येत. त्यानं मागं वळून पाहिलं नाही. गाडीत बसला.

तो डोंगरात परतला, आणि मागं गावात एक वेगळीच गोष्ट उगवली. पुष्पा सौंसरच्या आठवडी बाजारात वांगी निवडत होती. शेजारच्या दोघी बोलत होत्या, तिला ओळखत नव्हत्या.

"मंग हवालदार काहून नाही बोलला? पेटी बी उघडू देली नाही. म्हणते पोट्ट्यानं सोताच गोळी घालून घेतली."

पुष्पानं वांगी तिथंच टाकली. संध्याकाळी फोन केला. सगळं ऐकून सुखदेवनं आधी विचारलं, त्या दोघी कोण.

"आयकून राहिले नं?" पुष्पा म्हणाली. "तुमी खोटं नाही बोलले, थे ठीकच केलं. पण तुमच्या न बोलण्याचं त्या मायबापाले काय झालं, थे बी पाहा."

हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. आपण खोटं बोललो नाही, एवढ्यावर त्याचं समाधान होतं. आपण मागं सोडलेल्या रिकाम्या जागेत भाऊंच्या चार मुडद्यांपेक्षा वाईट काहीतरी येऊन बसेल, हे त्याला, इतक्या संशयी माणसाला, सुचलं नव्हतं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी कंपनी कमांडरांनी बोलावलं. गावाकडून वर कुठंतरी तक्रार गेली होती आणि ती फिरत फिरत पलटणीपर्यंत आली होती : या हवालदारानं शहिदाचा अपमान केला, लोकनेत्यांना खोटं पाडलं, विरोधकांशी याचं साटंलोटं आहे. साहेबांनी विचारलं, "तू नेत्यांच्या विरोधात आहेस?"

सुखदेवनं साहेबांचा चेहरा नजरेनं चाचपला. हा प्रश्न आहे की सापळा, कळेना.

"मत आहे, साहेब. ते मी मतपेटीत टाकतो."

"आणि स्टेजवर?"

"स्टेजवर हुकुमाच्या बाहेर एक शब्द बोललो नाही."

साहेबांनी तक्रारीचा कागद घडी घालून बाजूला ठेवला. मग "जा" म्हणाले. सुटलो म्हणून जा, की पुढं बघतो म्हणून जा? सुखदेव बाहेर आला तो हा एक शब्द उलटासुलटा करत.

आणि मग तो शोधायला लागला. तक्रार केली कोणी? मुकुंदनं? उघड आहे. पण मुकुंदच्या कानात हे कोणी भरलं? 'विरोधकांशी साटंलोटं' हे कुठून आलं? सुखदेव कोणाच्या विरोधात काय बोलतो, हे गावात एकाच माणसाला माहीत होतं. आणि तो माणूस त्या दिवशी गर्दीत मोबाइल धरून उभा होता. जयवंताचा फोन आला, सुखदेवनं घेतला नाही. पुन्हा आला, पुन्हा नाही. काही दिवसांनी यायचा थांबला. 'बघा, थांबला नं,' सुखदेव मनाशी म्हणाला. चोराच्या मनात चांदणं.

चौकशी पुरी झाली आणि त्याला सुट्टी मिळाली, तेव्हा थंडी सुरू झाली होती. निघायच्या आधी तो आपण होऊन साहेबांपुढं उभा राहिला. "आता बापाला सांगू का, साहेब?"

साहेब म्हणाले, "बापाला सांग. माईकवर सांगू नको."

सौंसरला पोचला त्याच्या दुसऱ्याच दिवशी एक मुलगी दारात आली. विशीतली, खांद्याला बॅग, डोळे थेट. पुष्पानं तिला उंबऱ्याबाहेरच उभं केलं.

"कोण पाहिजे?"

"हवालदार काका. मी डिंपल. सागर माहा भाऊ."

पुष्पा आत येऊन दबक्या आवाजात म्हणाली, "काल आले अन् आज हजर! हिले कोणं सांगितलं तुमी आले म्हणून? भाऊच्या लोकायनं तं नाही धाडली?"

तोच प्रश्न सुखदेवच्याही डोक्यात होता. त्यानं मुलीला आत बसवलं. तिनं मोबाइल टीपॉयवर ठेवला, पालथा. सुखदेवची नजर तिथंच खिळली.

"थो बाहेर ठेव."

"काय?"

"मोबाइल. बाहेर, ओट्यावर."

डिंपलनं त्याच्याकडे बघितलं, मग उठून मोबाइल बाहेर ठेवून आली. परत बसताना म्हणाली, "तुमी मले घाबरून राहिले. मी तुमाले घाबरून आली. बसा आता."

"मी आलो, हे तुले कोणं सांगितलं?"

"कोणीच नाही. याच्या आधी दोनदा येऊन गेली मी. बाहेरूनच कुलूप पाहून गेली."

पुष्पा दारात होती, ती हळूच बाजूला झाली. दुपारी ती अंगणवाडीत कामाला जायची; कुलूप असायचंच.

"काका, सागर गेला त्याच्या दोन दिवस आधी त्याचा फोन आलता," डिंपल म्हणाली. "मी विचारलं, तिकडं लढाई हाय काय? तं हसला. म्हणे, कायची लढाई, इथं पाऊस अन् दरड, अन् तीच डाळ. मंग दोन दिवसांत चार शत्रू आले कोठून? मी हे घरी बोलली, तं मामा म्हणाला, तू गप. गावातले दुसरंच बोलतात. मायनं जेवण सोडल्यासारखं केलं. तुमी मले फक्त एक सांगा. त्यानं सोता केलं काय?"

"नाही," सुखदेव म्हणाला. "नाही, पोरी."

तिनं तोंडावर ओढणी दाबली. पुष्पानं पाणी आणून दिलं. जरा वेळानं सुखदेव उठला, शर्ट बदलला आणि म्हणाला, "चल. हे तुह्या बापाले सांगाचं हाय."

जामसांवलीच्या हनुमान मंदिराच्या फाट्यावर शनिवारची गर्दी होती, दर्शनाला आलेल्या गाड्यांनी रस्ता अडलेला. पुढं पांढुर्ण्याकडे रस्ता मोकळा झाला तरी सुखदेवनं दोनदा मोटरसायकल थांबवून मागं वळून पाहिलं, कोणी पाठीशी आहे का म्हणून. गावाच्या तोंडाशी सिमेंटची कमान उभी राहत होती. दोन खांब झालेले, वरचा पट्टा रंगवून खाली टेकवून ठेवलेला. तेच वाक्य. चार शत्रू.

रामाजी बागेत होता. तोड चालली होती. बाया संत्री निवडून कॅरेटात भरत होत्या. सुशीला झाडाखाली बसलेली. रामाजीनं सुखदेवला ओळखलं, पण 'बसा' म्हटलं नाही.

"आता काय आणलं?" तो म्हणाला.

"तेव्हा बोलू शकत नव्हतो, थे सांगाले आलो, काका."

"तेव्हा कोणाचा तं आदेश होता. आता कोणाचा हाय?"

"आता माहाच हाय."

रामाजीनं बायांना हात केला, त्या उठून दुसऱ्या रांगेत गेल्या. सुखदेव उभ्यानंच सांगू लागला. पाऊस होता. गाड्या चढणीवर होत्या. सागरच्या ट्रकच्या पुढं तिथल्याच एका माणसाची कोबीची छोटी गाडी होती. आत तो माणूस आणि त्याची म्हातारी आई. ती गाडी चिखलात फसली आणि मागं सरकू लागली. ट्रकच्या ड्रायव्हरनं सगळ्यांना सांगितलं, कोणी उतरू नका, कडा कच्ची आहे.

"हा उतरला. मोठा गोटा उचलला अन् तिच्या मागच्या चाकाखाली लावला. गाडी थांबली. पण हा उभा होता थे कडाच सुटली. त्याच्यासहित खाली गेली. मी पाह्यलं नाही, काका. ज्यायनं पाह्यलं त्यायनं चौकशीत सांगितलं, अन् मले बी सांगितलं. थो गाडीवाला अन् त्याची माय जिवंत हायेत. थे तळावर आले होते. म्हातारी रडत होती, तिची भाषा आमाले कोणाले समजत नव्हती. पेटी उघडली नाही, कारण दगडायनं..." त्यानं ते वाक्य सोडून दिलं. "डॉक्टर म्हणाले, मायबापाले दाखवू नका. एवढंच. गोळी नव्हती. कोणाचीच नव्हती."

रामाजीनं हातातलं संत्रं कॅरेटात ठेवलं. वाऱ्यानं झाडाची पानं हलत होती. मग त्यानं विचारलं, "त्याले उतर, असं कोणं म्हटलं?"

"कोणीच नाही. ड्रायव्हर बसून राहा म्हणत होता."

"आयकतच नोता थो कोणाचं," रामाजी म्हणाला, आणि त्याचं तोंड एकदम वेडंवाकडं झालं. "नाल्याच्या चढावर बैलबंडी मागं आली का हाच गोटा घेऊन धावे. चाकाखाली हात जाईन तुहा, म्हणून किती मारलं मी त्याले. किती मारलं! सुशीला, आयकलं काय? बंडीसारखंच केलं त्यानं. तिथं जाऊन बी थेच केलं."

झाडाखालून सुशीला उठून आली. तिनं सुखदेवच्या दंडाला धरलं आणि नुसती हलवत राहिली, जशी झोपलेल्या माणसाला उठवतात तशी. त्या पावसाळ्यापासून पहिल्यांदा ती मोठ्यानं रडली. डिंपलनं तिला सावरलं.

बरंच रडून झाल्यावर रामाजीनं सुखदेवला बसायला पोतं टाकलं. स्वतः त्याच्यासमोर उकिडवा बसला आणि जमिनीकडे बघत म्हणाला, "तुमच्यावर अर्ज गेला होता. समजलं असंन तुमाले."

"समजलं."

"थो मी देला होता."

सुखदेवनं मान वर केली.

"मुकुंदनं लिहिला, भाऊच्या हापिसात. त्यात काय काय लिहिलं, मले नाही माहीत. पण सही माही हाय. जबरदस्ती कोणं केली नाही. मले वाटे, हा माणूस माह्या पोराचं काहीतरी गिळून बसला. याले वरून कोणं विचारलं, तं तरी थुंकन."

इतके महिने ज्याला त्याला मनातल्या मनात आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करून झालं होतं. या एका माणसाला तेवढं केलं नव्हतं. राग यायला पाहिजे होता, आला नाही. "तुमी बाप," सुखदेव म्हणाला. "तुमी नाही विचारणार, तं कोण विचारन?"

त्या दिवशी तो तिथं जेवला. निघताना रामाजीनं त्याच्या गाडीवर संत्र्यांचं पोतं बांधलं, आणि सुखदेवनं या वेळी, का देतो, म्हणून विचारलं नाही.

कमानीचं उद्घाटन थोड्या दिवसांनी झालं. त्याआधी रामाजी भाऊंकडे जाऊन आला होता. पट्ट्यावरचं वाक्य बदला, म्हणाला. भाऊ म्हणाले, "काका, आता लोकायनं मानलं आहे. कायले त्यायचा विश्वास तोडता?" रामाजी तसाच परत आला. कार्यक्रमात त्याला हार घालून खुर्चीवर बसवलं. दोन शब्द बोला म्हटल्यावर तो माईकजवळ गेला. सुखदेव गर्दीच्या मागं साध्या कपड्यांत होता. त्यानं रामाजीला काही शिकवलं नव्हतं, तुम्ही बोला असंही सांगितलं नव्हतं.

"माह्या पोरानं कोणाले मारलं नाही," रामाजी म्हणाला. "एका म्हातारीची गाडी खाली जाऊन राहिली होती. त्यानं गोटा लावला अन् गेला. गोळी नाही. न शत्रूची, न त्याची. ज्यायले जे बोलाचं होतं थे बोलून झालं असंन, तं आता बंद करा. अन् वरचं थे चार खोडून टाका. मले चार लोकायची हत्या माह्या पोराच्या नावावर नाही पाहिजे."

 मग बायांच्या बाजूनं कोणीतरी हुंदका दिला. भाऊ मोठे हुशार. त्यांनी उठून रामाजीला मिठी मारली आणि माईक घेऊन म्हणाले, "बलिदान ते बलिदान!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. चार शत्रू खोडले गेले, 'वाघ' तेवढा राहिला. पुढं भाऊंना पक्षात मोठं पदही मिळालं. गोष्टीत खोटं बोलणाऱ्याची फजिती व्हायला पाहिजे, पण झाली नाही, हे सांगून टाकलेलं बरं.

त्याच सुट्टीत सुखदेव जयवंताच्या दुकानात गेला. जयवंता ब्रेकच्या तारा मोजून ठेवत होता, त्यानं वर पाहिलं नाही. सुखदेवनं सगळं सांगितलं : अर्ज कोणी दिला, आपण कोणावर शंका घेतली. जयवंता ऐकून घेऊन म्हणाला, "त्या दिवशी मोबाइल धरला होता थो तुह्यासाठी. तुले कोणं अडकवलं असतं, तं पुरा व्हिडिओ माह्याजवळ होता. म्हणून फोन करून राहिलो होतो." मग चहा मागवला. अजूनही मागवतो. पण पूर्वीसारखं पोटातलं बोलणं होत नाही. सुखदेव काही बोलायला लागला की जयवंता मधेच म्हणतो, "पाह्य बावा, मले नको सांगू. उद्या माह्यावरच येईन."

सुखदेव हवालदार म्हणूनच निवृत्त झाला. वरची जागा निघाली तेव्हा दुसऱ्याचं नाव आलं. जागा कमी होत्या, असं सगळे म्हणाले. असतीलही. त्या अर्जाचा ठपका कुठं राहिला होता का, हे त्यानं कोणाला विचारलं नाही आणि त्याचं उत्तर त्याला मिळालंही नाही. पुष्पा म्हणते, विषय सोडा. तो सोडल्यासारखं करतो.

आता तो सौंसरलाच असतो. सकाळी मैदानावर भरतीच्या पोरांना पळवतो. चार वर्षांची भरती त्याला आजही पटत नाही, आणि हे तो पोरांच्या बापांना तोंडावर सांगतो. त्यांच्या पोरांना शिकवायचं मात्र थांबवत नाही. मधे विरोधी पक्षाची माणसं पांढरी गाडी घेऊन आली. "तुम्ही सत्तेपुढं ताठ उभे राहिले," ते म्हणाले. "आमच्या मंचावर या. माजी सैनिक म्हणून वर्दीतला फोटो लावू."

"कोणती वर्दी? माही, की जुळवून आणलेली?" सुखदेवनं विचारलं. त्यांना ते समजलं नाही. चहा पिऊन गेले. ते गेल्यावर त्यानं ओट्याखाली, खुर्चीखाली वाकून पाहिलं, काही ठेवून तर गेले नाहीत. पुष्पा हसत सुटली.

सगळ्यांत अवघड आली ती डिंपल. तिला फौजेत जायचं होतं, फौजेच्याच पोलिस दलात मुली घेतात तिथं. सुशीलानं नको म्हटलं, रामाजीनं हो-नाही काहीच म्हटलं नाही, आणि ती पहाटे गावाहून निघून सौंसरच्या मैदानावर येऊन उभी राहिली. सुखदेवनं तिला चार दिवस परत पाठवलं. पाचव्या दिवशी तिनं विचारलं, "काका, पुढारी तुमाले पटत नव्हते, त्यायचे हुकूम पटत नव्हते. मंग वीस वर्ष राहिले काहून? मले खरं सांगा. भाषण नको."

सुखदेवनं शिट्टी तोंडातून काढली. पोरं चक्कर मारून येत होती.

"थे मी बी किती येळा विचारलं सोताले," तो म्हणाला. "पगार होता, हे बी खरं. घर चालत होतं. पण एवढंच असतं, तं मधेच सोडून आलो असतो. मले वाटे, आपण सोडलं तं आपल्या जागेवर कोण येईन? ज्याले सगळंच पटते, असा येईन. त्याच्या हाती तुह्या भावासारखी पोरं देली असती..." तो थांबला. "नाही सांगता येत नीट. तू आत जाऊन पाह्य. अन् तुले कोणं सांगितलं का हे असं हाय, तं हात लावून पाह्य. माह्यावर बी विश्वास नको ठेवू."

डिंपल त्याच्याकडे बघत होती, सांगितलेल्यातलं किती खरं हे तोलत. मग तिनं बुटाची नाडी आवळली आणि पोरांच्या मागून धावायला लागली. पहिल्याच वळणावर तिचा श्वास चुकत होता. सुखदेवनं शिट्टी वाजवली आणि ओरडला, "हात आवर! खांदे सैल सोड!"